मानसशास्त्रात बीए करायचं तर गणित किती लागतं?

मुलुंडची_ताई

मुलगी बारावी कला शाखेत आहे. राज्य मंडळ, मराठी माध्यम. अकरावीपासून गणित सोडलंय, दहावीत दोन्ही भाग मिळून ४६ होते. तिला मुंबई विद्यापीठातून मानसशास्त्रात बीए आणि पुढे समुपदेशनात एमए करायचंय. एक जण सांगतो गणिताचा संबंधच नाही, दुसरा सांगतो तिसऱ्या वर्षाला स्टॅटिस्टिक्समध्ये भलीभली मुलं आपटतात. नेमकं काय असतं त्यात? सुट्टीत काय करून घ्यावं? ओळखीतल्या एका बाई आत्तापासूनच क्लास लावा म्हणतायत, गरज आहे का?

चौथी_सीट

ताई, प्रवेशापुरतं बोलायचं तर काळजी सोडा. बीएला बारावी उत्तीर्ण एवढीच अट, शाखा कुठलीही चालते. गणिताची अट नाही, दहावीचे ४६ कुणी विचारणारही नाही. झालंच तर परदेशी जायचं डोक्यात असेल तेव्हा दहावीचं गणित बघतात. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं जीसीएसईच्या (तिकडच्या दहावीच्या) गणितात ४ ही श्रेणी किंवा तिच्या तोडीचं काहीतरी मागतात. इथे तसलं काही नाही.

आणि समुपदेशन म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणं. त्यात कसलं आलंय गणित. बिनधास्त घेऊ द्या.

आकडेमोड

प्रवेशाचं बरोबर आहे, पण "बिनधास्त" एवढ्यावर सोडून देऊ नका. गणित लागत नाही, संख्याशास्त्र लागतं. त्यात त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही, प्रमेयं नाहीत. आहे ते सातवी-आठवीचं अंकगणित: ऋण संख्या, वर्ग, वर्गमूळ, कंस, दशांश, टक्केवारी. ते मात्र न चुकता, घड्याळ लावून करता यायला हवं.

क्रेडिट पॅटर्नच्या टीवायबीएला (बीएच्या तिसऱ्या वर्षाला) पाचव्या-सहाव्या सत्रात सायकॉलॉजिकल टेस्टिंग अँड स्टॅटिस्टिक्स असा पेपर होता आणि त्याला जोडून प्रॅक्टिकम, म्हणजे प्रात्यक्षिक. नव्या शैक्षणिक धोरणात विषयांची मांडणी बदलली. रुईया, झेवियर्ससारखी स्वायत्त महाविद्यालयं अभ्यासक्रम स्वतःच ठरवतात. म्हणून ज्या कॉलेजात अर्ज भरणार त्याच्या वेबसाइटवरून मानसशास्त्र मेजरच्या (मुख्य विषयाच्या) सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्यात स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स, प्रॅक्टिकम हे तीन शब्द कुठल्या सत्रात येतात ते बघा. आकडेमोड कधी अंगावर येणार ते तेवढ्यात कळतं.

विषय साधारण हेच: वारंवारिता वितरण आणि आलेख, मध्यमान-मध्यांक-बहुलक, प्रमाण विचलन, प्रमाणित प्राप्तांक, शततमक, प्रसामान्य वक्र, सहसंबंध. मुलं कुठे आपटतात ते उदाहरणांनी सांगतो, कारण चुका दरवर्षी त्याच असतात.

प्रमाण विचलन घ्या, म्हणजे आकडे मध्यमानापासून साधारण किती दूर पसरलेत ते. पाच जणांना शब्दांची यादी ऐकवली, आठवलेले शब्द ६, ८, ९, ५, १२. बेरीज ४०, मध्यमान ८. प्रत्येकातून ८ वजा केले की −२, ०, १, −३, ४. इथे थांबून बेरीज करायची, ती शून्यच यायला हवी. नाही आली तर पुढे जाण्यात अर्थ नाही, मध्यमान चुकलंय किंवा एखादं चिन्ह. (मध्यमान दशांशात आलं असेल तर किंचित फरक पडतो, तो चालतो.) मग वर्ग: ४, ०, १, ९, १६, बेरीज ३०. भागिले ५ म्हणजे ६, त्याचं वर्गमूळ २.४५.

यातली नेहमीची चूक −३ चा वर्ग −९ लिहिण्याची. दुसरी चूक, भागाकार करायच्या आधीच वर्गमूळ काढून मोकळं होणं. तिसरी गोष्ट चूक नाही, पण गोंधळ तिथेच होतो: संगणकावर हेच आकडे टाकले की २.७४ दिसतं. कारण नमुन्यावरून अंदाज बांधताना पाचाऐवजी चाराने, म्हणजे एकूण संख्येतून एक वजा करून भागतात. ३० भागिले ४ म्हणजे ७.५, वर्गमूळ २.७४. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही.पी आणि एसटीडीईव्ही.एस अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत ती त्याचसाठी. वर्गात कुठलं सूत्र शिकवलंय ते बघून परीक्षेत तेच वापरायचं, उगाच मिसळ करायची नाही.

गटांतल्या सामग्रीचा मध्यांक हा दुसरा सापळा. समजा ४० जण आहेत, मध्यांकाचा वर्ग २०–२४, त्याच्या खालची संचित वारंवारिता (खालच्या सगळ्या वर्गांतले मिळून जण) १४ आणि त्या वर्गाची वारंवारिता १२. ४० चे निम्मे २०. इथे खालची सीमा २० धरायची नसते, १९.५ धरायची. वर्गाची रुंदीही ४ नाही, ५ (२०, २१, २२, २३, २४ मोजा). म्हणजे १९.५ + (२० − १४) ÷ १२ × ५, उत्तर २२. संचित वारंवारिता आधीच्या वर्गाची घ्यायची. घाईत त्याच वर्गाची २६ घेतली जाते, मग कंसात ऋण संख्या येते आणि उत्तर १७, म्हणजे वर्गाच्याही खाली. मध्यांक त्याच्याच वर्गाच्या बाहेर पडला तर चूक झालीच समजा.

सर्वांत जास्त गुण जातात ते श्रेणीक्रमाच्या सहसंबंधात, म्हणजे दोन याद्यांतले क्रमांक किती जुळतात ते मोजण्यात. सहा विद्यार्थी, पहिल्या चाचणीत १८, १५, १५, १२, १०, ८. दुसरीत त्याच क्रमाने ४०, ४२, ३५, ३०, ३३, २५. पहिल्या चाचणीचे क्रमांक १, २.५, २.५, ४, ५, ६. दोघांना १५ आहेत, म्हणून दुसरा आणि तिसरा क्रमांक दोघांत वाटला. पुढच्याला ३ नाही, ४ द्यायचा. दुसऱ्या चाचणीचे २, १, ३, ५, ४, ६. फरक −१, १.५, −०.५, −१, १, ०. यांचीही बेरीज शून्यच येते, तपासून घ्या. वर्गांची बेरीज ५.५. तिला सूत्रातल्या ६ ने गुणून ३३. खाली ६ × (३६ − १), म्हणजे २१०; हा ६ विद्यार्थ्यांचा आणि ३६ त्याचा वर्ग. भागाकार ०.१६. आणि इथे निम्मी मुलं पेन खाली ठेवतात, "सहसंबंध क्षीण आहे" असं लिहून. सूत्राची सुरुवात "१ वजा" अशी आहे हो! उत्तर ०.८४, म्हणजे चांगला दणदणीत धन सहसंबंध. गणित नव्वद टक्के बरोबर आणि निष्कर्ष पार उलटा.

अजून एक. दोन्ही याद्यांना क्रमांक एकाच दिशेने द्यायचे. एकीत सर्वांत मोठ्याला पहिला आणि दुसरीत सर्वांत लहानाला पहिला दिला की चिन्ह उलटतं आणि ते कुठल्याच पडताळ्यात सापडत नाही.

मुलुंडची_ताई

बापरे, एवढं सविस्तर! धन्यवाद. हे तिला वाचायला दिलं. बेरीज शून्य येते हे तिला लगेच पटलं. प्रसामान्य वक्राचं मात्र तिने बारावीच्या पुस्तकात चित्र बघितलंय, त्यात गणित काय असतं ते कळलं नाही. आणि पेपर मराठीत लिहिता येतो ना?

आकडेमोड

मराठीत लिहिता येतो. सूत्रं आणि चिन्हं तीच, फक्त स्पष्टीकरण मराठीत. संदर्भपुस्तकं आणि सॉफ्टवेअर इंग्रजीतच आहेत, त्यामुळे प्रत्येक संज्ञेचं इंग्रजी नाव वहीत बाजूला लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वक्राचं सांगतो. मध्यमानाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलनात ६८.२६ टक्के लोक, दोनात ९५.४४, तीनात ९९.७३. हे तीन आकडे पाठच हवेत. प्रश्न असा येतो: बुद्ध्यंकाचं मध्यमान १००, प्रमाण विचलन १५, एकाचा बुद्ध्यंक ८५, तर त्याचं शततमक स्थान किती, म्हणजे किती टक्के लोक त्याच्या खाली? (८५ − १००) ÷ १५, झेड −१, म्हणजे मध्यमानापासून एक प्रमाण विचलन खाली. पुस्तकामागच्या कोष्टकात १.०० समोर ०.३४१३ दिसतं आणि उत्तर ३४ लिहून मोकळे होतात. ते कोष्टक मध्यमानापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतं, टोकापासूनचं नाही. झेड ऋण असेल तर ०.५० मधून वजा करायचं: ०.१५८७, म्हणजे सुमारे सोळावं शततमक. धन असेल तर मिळवायचं: झेड +२ ला ०.४७७२ अधिक ०.५०, म्हणजे ९७.७२. काही पुस्तकांतलं कोष्टक थेट डाव्या टोकापासूनचं असतं. ते ओळखायचं कसं? झेड शून्य समोर ०.०००० आहे की ०.५००० एवढं बघा, झालं.

प्रत्येक गणिताआधी वक्र काढून हवा तो भाग पेन्सिलने रंगवायचा. ३४ की १६ हा घोळ तिथेच मिटतो, कारण रंगवलेला तुकडा केवढुसा आहे ते डोळ्यांना दिसतं.

संशयी_मन

एक शंका, वाद घालायचा म्हणून नाही. चौथी_सीट म्हणतात त्यात तथ्य आहेच ना? खोलीत समोर माणूस बसलाय, त्याच्या घरचं सांगतोय. तिथे मध्यमान आणि विचलनाचा काय उपयोग? परीक्षेपुरतं घोका आणि विसरा, असंच करतात बहुतेक जण.

कलिना_कट्टा

उपयोग तिथेच आहे, कारण समुपदेशकाच्या हातात चाचण्या असतात आणि चाचणी आकडाच देते.

बुद्धिमत्ता चाचणीत मुलाचा बुद्ध्यंक ७२ आला. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल किती सारखा येईल ते) ०.९१, प्रमाण विचलन १५. मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे १५ गुणिले (१ − ०.९१) चं वर्गमूळ. ०.०९ चं वर्गमूळ ०.३, म्हणून त्रुटी ४.५. ९५ टक्के खात्रीने सांगायचं तर १.९६ × ४.५, म्हणजे जवळजवळ ९ गुण इकडे आणि ९ तिकडे. म्हणजे ७२ हा आकडा खरं तर ६३ ते ८१ असा पट्टा आहे. आता ७० ही बौद्धिक अक्षमतेची सीमारेषा धरून कुणी "७२ आहे, म्हणजे काही अडचण नाही" असं आईबापांना सांगून टाकलं तर? ज्याला हा पट्टा काढता येत नाही तो अहवालात एकच आकडा ठोकून देतो आणि मुलाच्या दैनंदिन वागण्याची, शाळेतल्या कामाची चौकशीच करत नाही.

दुसरं उदाहरण समजुतीसाठी घ्या. एका कॉलेजात १,००० मुलांना नैराश्याची प्राथमिक चाचणी दिली. त्यातल्या ५ टक्क्यांना, म्हणजे ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. चाचणी चांगली आहे: ज्यांना आहे त्यांतले ९० टक्के पकडते, ज्यांना नाही त्यांतल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडते. पकडलेले ४५. पण उरलेल्या ९५० पैकी १० टक्के, म्हणजे ९५ जणही विनाकारण यादीत आले. यादी १४० जणांची, त्यातले खरे ४५. म्हणजे "पॉझिटिव्ह" आलेल्या तिघांतला जेमतेम एक. हे गुणाकार-वजाबाकीचंच गणित आहे, पण ते ठाऊक नसलेला माणूस १४० पालकांना फोन लावून बसेल. अशा यादीचा उपयोग एवढाच की त्या १४० जणांशी नीट मुलाखत घेऊन बोलायचं.

चौथी_सीट

हे ९० टक्के चाचणीचं मात्र डोक्यात नव्हतं. मान्य. "कसलं आलंय गणित" हे वाक्य मागे. एमएचंही सांगून टाका आता, ताईंना ते हवंच आहे.

कलिना_कट्टा

कलिनाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग घ्या, देवनारची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) घ्या, एसएनडीटी घ्या, एमएला संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र चुकत नाही. पुढे नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची तर तिच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र हा स्वतंत्र घटक आहे, त्यामागोमाग मानसशास्त्रीय चाचण्यांचा. गेटच्या मानसशास्त्र पेपरलाही हे सुटत नाही.

एमएला हाताने करायचं कमी होतं आणि ठरवायचं वाढतं. कुठल्या प्रश्नाला कुठली चाचणी, हे खरं अवघड. उदाहरणार्थ टी-चाचणी, म्हणजे दोन मध्यमानांतला फरक खरा की योगायोग ते बघणारी. दहा जणांना गोंगाटात आणि शांततेत, दोन्ही वेळा तेच काम दिलं तर ती जोडीची टी-चाचणी, स्वातंत्र्य मात्रा (कोष्टकात ओळ शोधायला लागणारा आकडा, इथे दहातून एक वजा) ९, ०.०५ पातळीला कोष्टकातली किंमत २.२६२. दहा जण गोंगाटात आणि दुसरे दहा शांततेत असतील तर स्वतंत्र गटांची, मात्रा १८, किंमत २.१०१. प्रॅक्टिकमच्या जर्नलमध्ये प्रयोग पहिल्या प्रकारचा आणि गणित दुसऱ्या प्रकारचं, हे सर्रास दिसतं. आकडे दोन स्तंभांत लिहिलेले असतात, दिसायला सारखेच, म्हणून. जोडी मोडली की माणसामाणसांतला फरक त्रुटीत जमा होतो, टी लहान येतो आणि खरा परिणामही हातून निसटतो.

सॉफ्टवेअर: कॉलेजात एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर असतं, घरी ते विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. जामोवी आणि जास्प दोन्ही फुकट आहेत, पदव्युत्तर प्रबंधापुरतं सगळं त्यात होतं. आर सुद्धा फुकट, पण ते नंतर.

त्यातल्या चुका वेगळ्याच जातीच्या. प्रश्नावलीत काही विधानं उलट्या अर्थाची असतात ("मला स्वतःबद्दल समाधान वाटतं" हे नैराश्याच्या मापनात). १ ते ५ च्या श्रेणीवर अशा विधानाचे गुण ६ मधून वजा करून उलटवायचे. विसरलात तर क्रॉनबॅकचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) धाडकन खाली येतो, कधी ऋणसुद्धा. अल्फा ०.३ आला की मुलं प्रश्नावलीला शिव्या घालतात. आधी उलटी विधानं बघा. दुसरं म्हणजे न दिलेल्या उत्तरासाठी ९९ लिहायचं आणि सॉफ्टवेअरला ते सांगायचं नाही. मग एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचं सरासरी वय २७ निघतं. डेटा भरून झाल्यावर सर्वांत आधी प्रत्येक स्तंभाची किमान आणि कमाल किंमत काढा, १ ते ५ च्या स्तंभात ५५ पडलेलं तिथेच सापडतं. आणि एसपीएसएसने पी-मूल्य (फरक नसतानाही एवढा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) .००० दाखवलं तर तसंच उतरवू नका, ते शून्य नसतं. "०.००१ पेक्षा कमी" असं लिहा.

प्रबंधाला माणसं किती घ्यायची हेही आधीच काढतात. दोन स्वतंत्र गट, मध्यम आकाराचा परिणाम (कोहेनचा डी ०.५), ०.०५ पातळी, ८० टक्के शक्ती (खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता), तर प्रत्येक गटात ६४. जीपॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे दोन मिनिटांत सांगतं. तीस-तीस मुलं गोळा करून "फरक सार्थ आला नाही" म्हणणारे प्रबंध ढिगाने आहेत. त्यात फरक नव्हता की माणसं कमी पडली, हे कुणालाच सांगता येत नाही.

मुलुंडची_ताई

दोघांचेही आभार. शेवटचे दोन प्रश्न: सुट्टीत नेमकं काय करू? आणि क्लास?

आकडेमोड

क्लास आत्ता नको. तिसऱ्या वर्षाचा मजकूर आत्ता घोकून तोवर उडून जाईल. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स सुरू झाल्यावर पहिल्या अंतर्गत परीक्षेत अडलं तर बघा.

सुट्टीत रोज अर्धा तास पुरे. पहिले आठ-दहा दिवस फक्त ऋण संख्या, कंस आणि दशांश. बालभारतीची सहावी ते आठवीची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, त्यातले सरावसंचच सोडवा. मग टक्केवारी आणि गुणोत्तर. नंतर नववी-दहावीच्या पुस्तकातलं सांख्यिकीचं प्रकरण: मध्य, मध्यक (वरचे मध्यमान, मध्यांक तेच हे), बहुलक, आयतालेख. दहावीला ते झालेलंच आहे, वर्गीकृत सामग्रीची सारणी करायची पद्धत बीएला तशीच येते. बीजगणितातलं वर्गसमीकरण, भूमितीतली वर्तुळं, यांना हातही लावू नका. दहावीत गुण बहुधा तिथेच गेले असतील, आणि ते इथे लागत नाहीत.

दर दोन-तीन दिवसांनी घरातलेच आकडे घेऊन एक प्रमाण विचलन काढायचं. वर्षभराची वीजबिलं, सात दिवसांची झोप, काहीही. सारणी उभी आखायची: पहिल्या स्तंभात आकडा, दुसऱ्यात विचलन, तिसऱ्यात वर्ग, खाली बेरजा. परीक्षेत सूत्र, सारणी, किमती घालणं, उत्तर आणि एका वाक्यात अर्थ, इतकं क्रमाने लिहिलं तर मधे एखादी बेरीज चुकली तरी पायऱ्यांचे गुण हाती राहतात. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याचे सगळे जातात.

कॅल्क्युलेटर आत्ताच घ्या आणि तोच परीक्षेपर्यंत वापरू द्या. साधा, वर्गमूळाचं बटण असलेला. मोबाइलवरचा सराव उपयोगाचा नाही, तो परीक्षेत चालत नाही. साध्या कॅल्क्युलेटरला आधी भागाकार, मग वजाबाकी हा क्रम कळत नाही, ३० − २० ÷ ५ दाबलं की तो डावीकडून चालत जाऊन २ देतो, खरं उत्तर २६. म्हणून भागाकार आधी वेगळा करून घ्यायचा. वर्गांच्या बेरजेला एम प्लसचं बटण वापरायला शिकवा: आकडा, गुणिले, तोच आकडा, एम प्लस, आणि शेवटी एमआर दाबलं की बेरीज समोर. नवं गणित सुरू करताना मेमरी पुसायला मात्र विसरू देऊ नका. पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसा एम दिसत असेल तर आधीच्या गणिताचे आकडे अजून आत आहेत.